मुंबई–लंडन : अंतर एक, तास दोन

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मुद्दाम खालून वर वाचला, कारण खरी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं जानेवारीत नाशिकहून लेकीकडे निघताय, पहिलाच परदेशप्रवास. मुंबईहून दुपारी १:३० चं थेट विमान, हीथ्रोला संध्याकाळी ५:५० ला पोचणार. परतीचं एप्रिलमध्ये, रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:५० ला मुंबई. अंतर शोधलंत तर एकीकडे ४,४८० मैल, दुसरीकडे ३,८९० मैल, तिसरीकडे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास व्हायला हवेत. पण तिकिटावरच्या वेळांतून साडेपाच तासांचा फरक धरून हिशेब केलात तर जाताना ९ तास ५० मिनिटं आणि येताना ७ तास ५० मिनिटं आली. ‘जाताना लांबून नेतात का?’ असं तुम्ही विचारलंय. आणि मग शेवटची ओळ : उतरल्यावर संध्याकाळी ७ ची बस काढली आहे, ती मिळेल ना?

मी सव्वीस वर्षं एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. हे काम बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. वैमानिक विमानात बसण्याआधी त्याच्या हातात एक फ्लाइट प्लॅन पडतो. कुठल्या वाटेनं जायचं, किती उंचीवरून, वारा कुठे किती, इंधन किती भरायचं, उतरता आलं नाही तर कुठल्या विमानतळावर जायचं, हे सगळं त्यात असतं. तो बनवणारा मी. म्हणजे ‘या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत किती वेळ’ या प्रश्नाचं उत्तर मी रोज दहा-बारा वेळा देत होतो. आणि एकाच जोडीसाठी दोन दिवस सारखं उत्तर आलंय, असं क्वचितच झालं.

तुम्ही अंतर विचारलंय, पण तुम्हाला हवी आहे वेळ. आणि वेळही हवेतली नकोय, बसच्या थांब्यावर सामानासकट उभं राहायची हवीय. तुम्ही नाशिकचे आहात म्हणून सोपं आहे. नाशिकहून मुंबई विमानतळ किती लांब, असं पाहुण्यानं विचारलं तर तुम्ही ‘एकशे पासष्ट-सत्तर किलोमीटर’ एवढं सांगून थांबता का? नाही. ‘भिवंडी बायपासला आणि माजिवड्याला किती अडकाल त्यावर आहे’ असं म्हणता. आकाशातही माजिवडा असतो. फक्त तो रोज जागा बदलतो.

आधी घड्याळाचं बोलू, कारण तुमच्या दोन तासांच्या फरकातला एक तास विमानाचा नाहीच.

जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. १:३० ते ५:५० म्हणजे घड्याळात ४ तास २० मिनिटं, त्यात साडेपाच मिळवले की ९ तास ५० मिनिटं. हे तुम्ही बरोबर काढलंत. पण ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. म्हणजे तुम्ही एप्रिलमध्ये निघाल तेव्हा फरक साडेपाच नाही, साडेचार तासांचा असेल. रात्री ९:३० ते सकाळी १०:५० म्हणजे १३ तास २० मिनिटं, त्यातून साडेचार वजा केले की ८ तास ५० मिनिटं. तुम्ही साडेपाच वजा केलेत, म्हणून ७ तास ५० आले. असा घोळ आमच्या कामात होऊ नये म्हणून आम्ही स्थानिक वेळ वापरतच नाही, सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत चालतं. विमानातली माणसं त्याला झुलू टाइम म्हणतात. तुमचं जाणं ०८:०० ते १७:५० झुलू, येणं २०:३० ते ०५:२० झुलू. असं मांडलं की फसायला जागा राहत नाही. तिकिटावर ‘एकूण कालावधी’ असं वेगळं छापलेलं असतं, तेच बघा. वेळा वजा करायच्या भानगडीत पडू नका.

मैलांचं कोडं त्याहून सोपं. ४,४८० हे रस्त्यावरचे मैल, १.६०९ किलोमीटरचा एक. ३,८९० हे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरचा एक. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणून जहाजांनी तो वापरला आणि जहाजांकडून विमानांनी घेतला. दोन्ही आकडे गुणून बघा, ७,२०० च्या आसपासच येतील. कुठे ७,१९० दिसेल, कुठे ७,२१०. त्याचं कारण पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवांशी ६,३५७. काही जण सरसकट ६,३७१ चा चेंडू धरून हिशेब करतात. त्या दहा-वीस किलोमीटरसाठी डोकं शिणवू नका, विमान उतरताना जे वळण घेतं त्यातच तेवढे जातात.

तर तिन्ही ठिकाणचं अंतर खरं आहे. अडचण एवढीच की त्या अंतरानं तुमचं विमान जात नाही.

हे ७,२०० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन टाचण्या टोचून मध्ये दोरा ताणला, तर त्या दोऱ्याची लांबी. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर खरंच करून बघा. दोरा मुंबईहून निघून कराचीवरून जातो, पूर्व इराण ओलांडतो, कास्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाला टेकतो. त्याचा बरोबर मध्य आर्मेनियाच्या उत्तर टोकाला, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जरा दक्षिणेला पडतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी, बेल्जियम आणि मग लंडन. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट उत्तरेला फुगल्यासारखी दिसते आणि माणसं विचारतात, ‘एवढं वर कशाला नेतात?’ वर नेत नाहीत, तीच सरळ वाट आहे. वाकडा आहे तो नकाशा.

आता या दोऱ्यावरचे देश परत वाचा. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. ही बंदी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढून महिन्या-महिन्यानं वाढवली जाते, म्हणून तुमच्या तारखेला काय असेल ते तेव्हाच पाहावं लागेल. विमान कुठल्या कंपनीचं आहे यावरही ते ठरतं, कारण ही बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना तिचा मोठा फटका बसतो. मुंबई त्या मानानं सुखी, कारण आपल्याला अरबी समुद्र आहे. थोडं पश्चिमेला सरकून ओमानच्या बाजूनं वर चढलं की काम भागतं. तिथून पुढे इराण की इराक, मग तुर्कस्तान आणि बाल्कन देश, अशी वाट बनते. पण त्या टापूचाही भरवसा नाही. १३ जून २०२५ ला इराण, इराक, इस्रायल आणि जॉर्डननं आपापली हद्द बंद केली, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास उडून परत मुंबईतच उतरलं होतं. अशा दिवशी आमच्या खोलीत कुणी खुर्चीवर बसत नाही.

म्हणून दोऱ्याच्या ७,२०० ऐवजी प्रत्यक्ष वाट ७,४०० ते ७,८०० च्या मध्ये कुठेतरी पडते. पुढच्या हिशेबासाठी मी ४,१०० नॉटिकल मैल धरतो, म्हणजे सुमारे ७,६०० किलोमीटर. हा आकडा सोयीसाठी घेतलेला आहे, तुमच्या दिवशी वेगळा असेल.

आणि जी वाट मोकळी आहे त्यातलीही सर्वांत जवळची आम्ही निवडतोच असं नाही. ज्या देशावरून जातो तो देश त्याचे पैसे घेतो, प्रत्येकाचा दर वेगळा. इंधन आणि वेळ यांच्या खर्चाचं गुणोत्तर ठरवणारा कॉस्ट इंडेक्स म्हणून एक आकडा कंपनी आम्हाला देते. तो कमी असेल तर विमान जरा रमत जातं, जास्त असेल तर घाईनं. आणि वारा तर आहेच. नकाशावर दीडशे किलोमीटर लांब पडणारी वाट मी निवडली आणि विमान सात-आठ मिनिटं लवकर पोचलं, असं कितीतरी वेळा झालंय. नवीन आलेल्या पोरांना हे पटवायला पहिला आठवडा जायचा.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जाण्या-येण्यातला उरलेला एक तास बहुतेक इथेच आहे.

खाडीत ओहोटी लागलेली असताना होडी वरच्या अंगाला वल्हवत नेलीत तर काय होतं? हात तेवढेच चालतात, होडी पाण्यातून तेवढीच कापत जाते, पण काठावरचं माडाचं झाड मागे पडायला वेळ लागतो. होडीचा वेग पाण्याशी मोजायचा, काठाशी नाही. विमानाचंही तसंच. तुम्ही म्हणता तो ताशी ९०० हा विमानाचा हवेतला वेग. हवा स्वतःच जर समोरून ताशी ७५ नं वाहत असेल, तर जमिनीवरून विमान ८२५ नंच पुढे सरकतं.

या ९०० चंही एक गंमतशीर आहे. मोठी विमानं ठरावीक किलोमीटर-ताशी वेगानं उडत नाहीत, आवाजाच्या वेगाच्या ठरावीक हिश्शानं उडतात. लांब पल्ल्याच्या नव्या विमानांत हा हिस्सा साधारण ०.८५ असतो. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. नाशिकच्या उन्हात तो ताशी साडेबाराशेच्या आसपास असेल, पण अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंशात, तो १,०६० च्या घरात येतो. त्याचे ०.८५ म्हणजे तुमचे ताशी ९००, आमच्या भाषेत ४८८ नॉट. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

हिवाळ्यात उत्तर भारत, इराण, अरबस्तानाचा उत्तर भाग यांच्यावरून, साधारण बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वाऱ्याची नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. तिच्या मधल्या पट्ट्यात १०० नॉटच्या वर वारा असणं जानेवारीत नवलाचं नाही, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. लंडनला जाताना तुम्ही तिच्या तोंडावर जाता, येताना तिच्या पाठीवर बसून येता. देशातल्या देशातही हे जाणवतं. जानेवारीत मुंबई–कोलकाता आणि कोलकाता–मुंबई यांच्या वेळांत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सहज पडतो, आणि प्रवाशांना वाटतं येताना वैमानिक आळशी होता. पावसाळ्यात पश्चिमेचा हा झोत हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दख्खनच्या वर उंचावर उलट, पूर्वेकडून वारा सुरू होतो. या पूर्वेकडच्या झोताचं शास्त्रीय वर्णन आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केलं.

सगळ्या वाटेवर वारा सारखा नसतो. कुठे शंभर नॉट समोरून, कुठे वीस, कुठे आडवा. आम्ही सबंध वाटेची सरासरी काढतो. जानेवारीत जाताना सरासरी ४० नॉट समोरून धरा, एप्रिलमध्ये येताना झोत जरा ढिला पडलेला असतो म्हणून ३० नॉट पाठीमागून धरा. आता ४,१०० नॉटिकल मैलांचा भागाकार करा.

वारा शून्य असता तर ८ तास २४ मिनिटं लागली असती. जाताना ४८८ मधून ४० गेले, उरले ४४८, वेळ ९ तास ९ मिनिटं. येताना ४८८ मध्ये ३० आले, झाले ५१८, वेळ ७ तास ५५ मिनिटं. वाट तीच, विमान तेच, आणि फरक सव्वा तासाचा.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जी आमच्या धंद्याबाहेर फारशी कुणी सांगत नाही. जाताना तुमचं विमान ९ तास ९ मिनिटं हवेतून ४८८ नॉटनं जातं, म्हणजे हवेतून सुमारे ८,२७० किलोमीटर कापतं. येताना ७ तास ५५ मिनिटांत सुमारे ७,१५० किलोमीटर. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर, जमिनीवरच्या नाही. तेव्हा ‘जाताना लांबून नेतात का’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की जमिनीवर नाही, पण हवेत हो, हजार-अकराशे किलोमीटर लांबून नेतात. आणि येताना दोऱ्याच्या ७,२०० पेक्षाही कमी अंतरात आणून सोडतात. हे तुमच्या डोळ्यांनी बघता येईल. समोरच्या पडद्यावर नकाशा लावा, त्यात ग्राउंड स्पीड दिसतो. जाताना तो ८३० च्या आसपास घुटमळेल, येताना ९५० च्या वर जाईल. लंडनला पोचेपर्यंत तेच बघत बसणारे प्रवासी मला ठाऊक आहेत, माझी बायको त्यांतली एक.

जाता जाता आणखी एक. दोन्ही वेळी वारा अगदी सारखा असला, तरी जाण्यात गमावलेलं येण्यात पुरतं परत मिळत नाही. ४० नॉट समोरून असताना ४५ मिनिटं जातात, तेच ४० पाठीमागून असले तर ३८ च मिळतात. कारण वाईट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता आणि चांगल्या वाऱ्यात कमी.

हे झालं हवेतलं. पण तिकिटावरची वेळ हवेतली नसते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान आपल्या जागेवरून ढकललं गेलं, की घड्याळ सुरू. दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहून चाकांपुढे ठोकळे लागले, की बंद. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांगेत उभं राहणं, रांगत रांगत धावपट्टीपर्यंत जाणं, यात पंधरा ते पंचवीस मिनिटं जातात. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची दहाएक मिनिटं धरायची. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण गर्दी अशी की येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबवतात. त्यासाठी लंडनभोवती चार जागा ठरलेल्या आहेत : बोव्हिंग्डन, लॅम्बॉर्न, ऑकम आणि बिगिन. खिडकीतून एकच नदी तिसऱ्यांदा दिसली की समजा तुम्ही त्यांपैकी एकीवर आहात. घाबरायचं काही नाही, या घिरट्यांचं इंधन आम्ही भरलेलं असतं. त्याशिवाय दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं, आणि त्याच्याही वर अर्धा तास उडण्यापुरतं राखीव असतं.

आता बेरीज मांडतो. जाताना : वाऱ्याविना ८:२४, वाऱ्याचे ०:४५, चढ-उताराचे ०:१०, मुंबईत रांगेचे पंधरा आणि हीथ्रोवर घिरट्या धरून पंधरा. झाले ९:४९. तिकिटावर ९:५०. येताना : ८:२४ मधून वाऱ्यानं वाचवलेले ०:२९ वजा, चढ-उतार ०:१०, हीथ्रोवर रात्री निघणाऱ्यांच्या गर्दीत पंचवीस आणि सकाळी मुंबईत वीस. झाले ८:५०. आकडे मी गृहीत धरलेले आहेत हे विसरू नका. पण तुमच्या आठ तासांचे पावणेदहा कसे झाले आणि कुठे झाले, ते यात दिसतं.

छोट्या पल्ल्यावर तर जमिनीवरचा हिस्सा आणखी मोठा होतो. मुंबईहून गोव्याला मोपा सरळ रेषेत ३८५ किलोमीटर, दाबोळी ४२५. उड्डाण पाऊण तासाचं, तिकिटावर सव्वा तास. मी नोकरीला लागलो तेव्हा मुंबई–दिल्ली तिकिटावर दोन तासांच्या आतबाहेर असायचं, आता सव्वादोन असतं. विमानं काही मंद झाली नाहीत. गर्दी वाढली, आणि कंपन्या थोडी वेळ जास्तीची लिहायलाही शिकल्या. पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ‘वेळेवर’ मोजतात, मग वेळापत्रकातच दहा मिनिटं सैल सोडली की कागदावर सगळं छान दिसतं. म्हणून ‘तुमचं विमान वीस मिनिटं लवकर पोचलं आहे’ ही घोषणा ऐकून वैमानिकाचं फार कौतुक करू नका. करा, पण थोडं.

आता तुमची बस.

५:५० ही विमान जागेवर उभं राहायची वेळ. तिथून सातच्या बसपर्यंत तुमच्याकडे एक तास दहा मिनिटं आहेत. मी ही बस काढली नसती. वर सांगितलेला जानेवारीचा वारा त्या दिवशी सरासरी ४० ऐवजी ५५ नॉट निघाला तर वाटेतच वीस मिनिटं जातात. लंडनला जानेवारीत धुकं असलं तर उतरणाऱ्या विमानांमध्ये जास्त अंतर ठेवतात, घिरट्या वाढतात. यातलं काहीच झालं नाही आणि ५:५० ला तुम्ही बरोबर उभे राहिलात असं समजू. दार उघडून बाहेर पडायला दहा मिनिटं, लांबलचक चालायला पंधरा. भारतीय पासपोर्टवाल्यांना सहसा आपोआप उघडणारी दारं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. ती रांग अर्ध्या तासात संपेल किंवा दीड तास चालेल, त्या वेळी आणखी किती विमानं आली आहेत यावर आहे. मग सामान. मग बसस्थानक. हीथ्रोचं मुख्य बसस्थानक टर्मिनल दोन आणि तीनच्या मधोमध आहे. तुमचं विमान टर्मिनल चार किंवा पाचला उतरत असेल तर आधी आतल्या ट्रेननं तिथवर यावं लागेल. ती ट्रेन फुकट आहे, पण शोधून, थांबून, बॅगा चढवून-उतरवून वीस-पंचवीस मिनिटं जातातच.

तेव्हा माझा सल्ला साडेआठ-नऊच्या बसचा. नाहीतर थोडे पैसे जास्त भरून, त्या दिवशीच्या कुठल्याही बसला चालेल असं तिकीट. विमान उशिरा आलं म्हणून बसवाले पैसे परत देतीलच असं नाही. विमान आणि बस ही दोन वेगळी तिकिटं आहेत, एकाला दुसऱ्याचं सोयरसुतक नसतं. मुलगी घ्यायला येणार असेल तर तिला ५:५० सांगू नका, साडेसात सांगा. आणि व्हीलचेअर मागायची की नाही असं पुढे कुणी विचारेल म्हणून सांगतो. चालायला त्रास असेल तर जरूर मागा, पण रांग चुकवायला म्हणून मागत असाल तर तिची वाट बघण्यातच कधी कधी रांगेपेक्षा जास्त वेळ जातो.

निघायच्या आधी पंधरा दिवस एक काम करा. विमानांचा माग दाखवणारी ॲप्स आहेत, त्यात तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या आठवड्याभरात ते खरोखर किती वाजता निघालं, किती वाजता टेकलं, हे दिसतं. सात दिवसांच्या सात ओळी कागदावर लिहा. त्यातली सगळ्यात वाईट ओळ धरून पुढची बस काढा. तिकीट काढताना तुम्ही केलेल्या भागाकारापेक्षा, आणि खरं सांगायचं तर माझ्या वरच्या बेरजेपेक्षाही, त्या सात ओळी जास्त उपयोगाच्या. त्यात वाट, वारा, रांग, घिरट्या सगळं आपोआप आलेलं असतं. फक्त एक बघा, ॲपमध्ये ‘लँडेड’ म्हणून दिसते ती चाकं टेकल्याची वेळ. जागेवर उभं राहायला पुढे दहा मिनिटं धरा.

परतीच्या ओळी मात्र जानेवारीत लिहून ठेवू नका, त्या एप्रिलमध्येच बघा. जानेवारीतला पाठीचा वारा बघून एप्रिलची गाडी बोलावलीत तर गाडीवाला अर्धा तास उभा राहील आणि पार्किंगचे पैसे तुमच्याकडून घेईल.

राहिला नाशिकहून निघायचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. तिकिटावर विमानतळ कुठला लिहिला आहे ते आधी नीट वाचा. बीओएम लिहिलं असेल तर अंधेरीजवळचा जुना, एनएमआय असेल तर उलव्याजवळचा नवी मुंबईचा. विमानाच्या वाटेत या दोहोंमुळे काही फरक पडत नाही, तुमच्या गाडीच्या वाटेत मात्र दोन वेगळे रस्ते आहेत. १:३० च्या विमानासाठी दहाच्या आत दारात असावं. गाडीवाला म्हणेल, ‘काका, सहाला निघू, आरामात पोचू.’ सहाला निघालात तर साडेआठ-नऊला ठाण्यात असाल, आणि त्या वेळेचा माजिवडा तुम्हाला माहीत आहे. साडेचारला निघा. कसाऱ्याचा घाट उजाडायच्या आत उतरा, चहा खाली प्या.